अठरा टक्के उतारा

शंकरप्पा घरात प्रश्न विचारत नसत. विचारायची गरज पडत नसे. चाळीस वर्षं ते श्रीपूरच्या साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा काढणारा माणूस. शिक्षण चौथी. पण पाकाचा एक थेंब घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि दाणा कधी धरणार ते सांगायचे. दाण्याची काय बिशाद! तो तेव्हाच धरायचा. ज्या माणसापुढं साखर सरळ वागते, त्यानं घरच्यांना काय विचारायचं? (बायको बसव्वा साखरेसारखी वागत नसे. तो विषय ते टाळत.)

त्या रविवारी मात्र त्यांनी एक प्रश्न विचारायचं ठरवलं.

कारण नात. ऋतुजा बारावीला होती. आईबाप चाकणला कंपनीत, पोरगी शिकायला आजी-आजोबांपाशी. तिनं बंगळूरच्या एका मोठ्या विद्यापीठात अर्ज केला होता. लेखी परीक्षा झाली, त्यातून ती निघाली. आता पुढच्या रविवारी लॅपटॉपवर मुलाखत होती. अकलूजच्या कॉलेजातल्या ज्ञानदा मॅडमनी तिचे मार्क, लेखीचा निकाल, मागच्या पाच वर्षांचे आकडे असं सगळं मांडून तिचा चान्स काढला होता. त्यांचा फोन आला, पोरीनं ऐकला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"किती निघाला?" शंकरप्पांनी विचारलं.

"अठरा टक्के, आज्जा."

"किती?"

"अठरा."

"मॅडम काय म्हनल्या?"

"चांगलाय म्हनल्या. बाकीच्यांचा याच्या निम्मापन न्हाय म्हने."

शंकरप्पांनी भिंत धरली.

इथं एक समजून घ्यायला हवं. कारखान्याच्या वसाहतीत टक्का एकच. उताऱ्याचा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. दहा निघाला तर बरं. अकरा निघाला तर चेअरमन हसतात. एका हंगामात बारा पूर्णांक शून्य चार निघाला होता, तेव्हा गावभर पेढे वाटले होते आणि शंकरप्पांना व्यासपीठावर फेटा बांधला होता. तो फेटा अजून पेटीत होता, डांबराच्या गोळ्यांसकट. बारावर फेटा. आणि ही पोरगी म्हणते, अठरा!

मार्कांचे टक्के त्यांना कळत नव्हते असं नाही. पोरीला दहावीला चौऱ्याण्णव पडले होते. पण मार्क म्हणजे ऊस. चान्स म्हणजे साखर. गाडीभर ऊस कुणीही आणतो, पोत्यात साखर किती पडली ते बघायचं. बाकी सगळं पिळून उरलेलं चिपाड, मळी आणि पाणी.

"बरं," एवढंच ते म्हणाले. (तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतो, असं त्यांचं मत होतं. दाणाही बिघडतो.) ऋतुजा डोळे पुसत आत गेली. आनंदाचं रडतीय, असं त्यांनी ठरवलं, पायात चपला घातल्या आणि चहाचा कट्टा गाठला.

कट्ट्यावर बंदेनवाज बसला होता. तीस वर्षं त्यानं ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस ओढलेला. शंकरप्पांचा दोस्त. बाकीचे चार-पाच जणही कारखान्याचेच.

"आमच्या ऋतुजाचा चान्स निघाला," शंकरप्पा म्हणाले.

"किती?"

"अठरा टक्के."

बंदेनवाजच्या हातातली बशी तशीच राहिली. "या अल्ला! अठरा? आरं, जिल्ह्यात न्हाय कुनाचा!"

"जिल्ह्यात? देशात न्हाय," दुसरा म्हणाला.

"बाकीच्यांचा निम्मापन न्हाय," शंकरप्पा म्हणाले. "मॅडम सोता म्हनल्या."

कोपऱ्यात सुबोध चहा पीत होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेतला तरुण केमिस्ट. तो म्हणाला, "आप्पा, हा टक्का वेगळा. शंभरातले अठरा."

"आन् उतारा काय दोनशेतला असतो व्हय रं?" बंदेनवाजनं विचारलं.

कट्टा हसला. सुबोध म्हणाला, "तसं नाही, पण मुळात उसातच..."

"चहा पी, गार झाला," शंकरप्पा म्हणाले. सुबोधनं चहा प्याला आणि तो गेला. (शहाणा एकटा असला की लवकर उठतो.)

पुढचं सगळं आपोआप झालं. बारा टक्क्यांवर फेटा, तर अठरावर काय? बंदेनवाजनं बोटं मोजली. मिरवणूक, हलगी, फ्लेक्स. त्याचा पोरगा एजाज टेंभुर्णीला फ्लेक्स छापायचा. बंदेनवाजनं तिथंच फोन लावला. मुलाखत रविवारी अकराला सुरू होऊन बाराला संपणार होती. मिरवणूक साडेबाराला दारात. पोरीला काही सांगायचं नाही.

"तुझा फोटू बी लागंल फ्लेक्सवर," बंदेनवाज म्हणाला.

"माझा कशाला?" असं शंकरप्पा एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

घरी आठवडाभर ऋतुजा खोलीत कोंडून अभ्यास करत होती. जेवायलाही नीट येईना. बसव्वा म्हणाली, "आवं, पोरगी वाळली. धीर द्या की जरा."

"अठरा पडल्यावर धीर कशाला?"

"अठरा म्हंजे लई हाय का?"

"तुला काय कळतं उताऱ्यातलं," शंकरप्पा म्हणाले. बसव्वानं त्यांच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ती भाकरी थापायला बसली.

रविवार उजाडला. शंकरप्पांनी सकाळपासून बंदोबस्त लावला. कुकर बंद. मिक्सर बंद. शेजारचा टीव्ही बंद. म्हैस दूरच्या झाडाला बांधली, कारण अकराच्या सुमाराला ओरडायची तिला सवय होती. ऋतुजा पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली आणि शंकरप्पा काठी घेऊन बाहेर पायरीवर. एक भंगारवाला आला, तो काठी बघूनच वळला.

आतून पोरीचा आवाज येत होता. इंग्रजी. शंकरप्पांना शब्द कळत नव्हता, पण कान पॅनमनचा होता. पाक दाट होत आला की पॅनचा आवाज बदलतो. सुरुवातीला पोरीचा आवाज पातळ होता, थरथरत होता. दहा मिनिटांनी तो भरला. मग स्थिर झाला. दाणा धरत होता. शंकरप्पांचा हात आपोआप मिशीवर गेला.

तेवढ्यात लांबून हलगी कडाडली.

शंकरप्पांनी घड्याळ बघितलं. अकरा वीस. आवाज जवळ आला. कोपऱ्यावरून बंदेनवाजचा ट्रॅक्टर वळला. पुढं चार हलगीवाले, मागं ट्रॉलीत वीस माणसं आणि ट्रॉलीवर उभा केलेला पंधरा फुटी फ्लेक्स. 'अठरा टक्के चान्स! तालुक्याचा उच्चांक! कु. ऋतुजा हिचे हार्दिक अभिनंदन.' खाली 'शुभेच्छुक: समस्त पॅनमन मंडळ.' (मंडळात हयात सभासद दोन.) फ्लेक्सवर शंकरप्पांचा फोटो दाराएवढा होता. ऋतुजाचा तव्याएवढा. तिचा मोठा केला की फाटत होता, असं एजाजचं म्हणणं.

शंकरप्पा पळाले. बाहत्तराव्या वर्षी, काठी उचलून, अनवाणी. दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! थांबा!"

"आरं, म्हातारा नाचाय लागला!" ट्रॉलीतून कुणी तरी ओरडलं.

हलगीवाल्यांना चेव आला. शंकरप्पांनी चिडून काठी जमिनीवर आपटली. हलगीवाल्यानं तो ठेका धरला. त्यांनी परत आपटली. त्यानं परत धरला. चाळीस वर्षं या माणसाला कुणी हसताना बघितलं नव्हतं आणि आज तो भर रस्त्यात ठेक्यात नाचत होता. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

"साडेबारा ठरलं हुतं की रं!" शंकरप्पा बंदेनवाजच्या कानात ओरडले.

"हलगीवाल्यांना एकला लगीन हाय! म्हून लवकर आलो!" बंदेनवाज ओरडला आणि त्यानं पिशवीतून फेटा काढला. तोच, पेटीतला. बसव्वाकडून सकाळीच मागून नेला होता. तो त्यानं शंकरप्पांच्या डोक्याला गुंडाळला, घाईत डोळ्यांवरूनही एक वेढा गेला, आणि दिसायचं बंद झालेल्या शंकरप्पांना चौघांनी गळ्यात हार घालून, उचलून ट्रॅक्टरवर ठेवलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात त्यांची मिरवणूक त्यांच्याच दारात आली.

मग एकदम हलगी थांबली.

शंकरप्पांनी फेटा वर सारला. दारात ऋतुजा उभी होती. दोन्ही हातांत उघडा लॅपटॉप, तोंड लालबुंद. पडद्यावर तीन माणसं. दोन पुरुष, एक बाई. तिघंही फ्लेक्सकडं बघत होते.

"आज्जा," ऋतुजा हळू म्हणाली, "सर विचारत्यात, काय चाललंय."

पडद्यावरचा पांढऱ्या केसांचा माणूस पुढं झुकला आणि कानडीत म्हणाला, "अज्जा, इवत्तु याव हब्ब?" आज सण कुठला, असं विचारलं त्यानं.

शंकरप्पांचं आजोळ अक्कलकोटकडचं. कानडी ऐकलं आणि त्यांना धीर आला. त्यांनी ट्रॅक्टरवरूनच, कानडीतच सांगितलं, "सण न्हाय साहेब. पोरीचा सत्कार. अठरा टक्के चान्स निघाला तिचा."

"अठरा? म्हणून मिरवणूक?"

"मग! आमच्या कारखान्याचा जन्मातला उच्चांक बारा पूर्णांक शून्य चार."

साहेबांनी शेजारच्या बाईंकडं बघितलं. बाईंनी तोंडाला रुमाल लावला होता. साहेब मात्र गंभीर राहिले. म्हणाले, "अज्जा, मग आमच्या विद्यापीठाचा उतारा माहीत आहे का?"

"किती?"

"दीड."

शंकरप्पांना त्या माणसाची मनापासून कीव आली. "दीड? साहेब, असला कारखाना अवसायनात निघतो! मशिनरी जुनी हाय का?"

आता तिघंही हसले. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मशिनरी चांगली आहे. ऊसही चांगला येतो, अज्जा. देशातला निवडक ऊस. पण शंभरातले दीड ठेवतो आणि बाकीचा गेटवरून परत पाठवतो. मुलाखतीपर्यंत आलेल्यातलेही जास्ती परतच जातात."

परत.

शंकरप्पांना गेटवरून परत गेलेला ऊस ठाऊक होता. उन्हात वाळणारा, चांगला असून कुणी न घेतलेला. त्यांनी मनात वजाबाकी केली. शंभरातून अठरा गेले. ब्याऐंशी. ब्याऐंशी टक्के परत. पोरगी आठवडाभर का जेवत नव्हती, चौकटीला टेकून का उभी होती, ते त्यांना भर उन्हात, ट्रॅक्टरवर, हार घालून कळलं.

ते खाली उतरले. फेटा काढला. लॅपटॉपसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुणापुढं हात जोडले नव्हते, चेअरमनपुढंही नाही.

"साहेब, ह्यात पोरीचा काय दोष न्हाय. हलगी माझी. फ्लेक्स माझा. मूर्खपणा माझा. तिला परत पाठवायची ती तिच्या उत्तरावर पाठवा. माझ्यावर न्हाय."

साहेबांनी मान हलवली आणि ऋतुजाला इंग्रजीत एक प्रश्न विचारला. पोरीनं लॅपटॉप एका हातावर तोलला. मग बोलायला लागली. आवाज पातळ नव्हता. तिनं बोट फ्लेक्सकडं केलं, ट्रॉलीत पडलेल्या उसाच्या कांडीकडं केलं, आजोबांकडंही केलं. वीस माणसं श्वास रोखून इंग्रजी ऐकत होती. झाडाखालची म्हैससुद्धा ओरडली नाही. पाच मिनिटांनी तिन्ही माणसांनी माना हलवल्या आणि पडदा काळा झाला.

"काय इचारलं गं?" शंकरप्पांनी विचारलं. (घरात प्रश्न विचारायची महिन्यातली ही त्यांची दुसरीच वेळ.)

"निकाल लागू द्या, मग सांगते," ऋतुजा म्हणाली आणि आत गेली.

तीन आठवडे शंकरप्पा कट्ट्यावर गेले नाहीत. फ्लेक्स त्यांनी स्वतः उतरवला आणि म्हशीच्या गोठ्यावर टाकला, फोटो आतल्या बाजूला. आता म्हैस रवंथ करत दिवसभर त्यांच्याकडं बघायची. चहा ते बिनसाखरेचा प्यायला लागले. बसव्वानं कारण विचारलं नाही. हसली फक्त.

एका सकाळी खोलीतून किंकाळी आली. शंकरप्पा धावले. ऋतुजा मोबाईल धरून उड्या मारत होती. "आज्जा! घेतलं! मला घेतलं!"

शंकरप्पांनी परत भिंत धरली. बसव्वानं पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. दोघी रडल्या. शंकरप्पांच्या डोळ्यात कचरा गेला.

"आता सांग," ते थोड्या वेळानं म्हणाले. "त्या साहेबानं काय इचारलं हुतं?"

"इचारलं, अठरा टक्के उतारा पडू शकतो का? आनि का?"

"मग?"

"मी सांगितलं, न्हाय पडू शकत. कारन उसातच मुळात चौदा-पंधराच्या वर साखर नसती. नसलेली साखर कुठून निघनार? मग रस, पाक, दाना, मळी, सगळं सांगितलं. तुमीच शिकवलेलं."

हे शंकरप्पांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सुबोध हेच सांगणार होता आणि त्यांनी त्याला चहा प्यायला लावला होता.

"मग तवा इसरला कसं?" ऋतुजानं विचारलं.

शंकरप्पा उठले. बाहेर जाऊन पायरीवर बसले. तीन आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता. सदऱ्यात हाडं तेवढी उरली होती.

बातमी पसरली. बंदेनवाज पळत आला, पेढ्याचा पुडा घेऊन. हलगी आणली नव्हती, एवढी अक्कल त्यालाही आली होती.

"शंकरप्पा! आता किती टक्के म्हनायचं?"

शंकरप्पांनी दोन्ही बाजूंनी विचार केला. पाठ ताठ केली. "शंभर," ते म्हणाले.

"शंभर टक्के उतारा!" बंदेनवाज हरखला. मग एकदम थबकला. तीस वर्षं ऊस ओढलेला माणूस होता, हिशोब चुकलेला त्याला दिसला. "आरं पन सगळीच साखर निघाली, तर चिपाड कुटं गेलं?"

बसव्वा चहा घेऊन दारात आली होती. तिनं नवऱ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हितं पायरीवर बसलंय की," ती म्हणाली.