पाचव्या कामाचं काय?

संपादकबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला तीन वर्षं होत आली होती. ‘कथेचा आराखडा फार आवडला. आता पूर्ण कथा लिहून पाठवा. तीन वर्षांनी, मार्चअखेर मी निवृत्त होईन. त्याआधी ती छापायची इच्छा आहे.’ ग्रंथपालांनी ते पत्र इतक्यांदा वाचलं, की ते घडीवर फाटायला आलं. कथा मात्र आराखड्यातच बसून होती. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लावली, त्यात आपलं एक घुसडायचं म्हणजे आगाऊपणाच, असं त्यांना वाटे. आता मार्च निम्मा सरला होता.

ग्रंथपाल भारी लाजाळू. घरी कामाला कुणी यायचं असलं, की खिळ्याला चिठ्ठी अडकवून ते बागेत जाऊन बसत. त्या दिवशी त्यांच्या खोलीचं घासणारं दार तासायला सुतार येणार होता. चिठ्ठी अडकवून ते निसटले.

दुपारी परतले, तर खोलीला दारच नव्हतं. पुस्तकांचं कपाट मधोमध उभं. जुनी पत्रं दोरीवर चिमट्यांनी टांगलेली, आणि शेजारच्या वहिनी ती एकेक करून वाचताहेत.

"हे... हे काय?"

"तुमचीच चिठ्ठी, काका." सुताराने कागद पुढे केला. ‘१. दार काढून टाकायचं. २. कपाट मधोमध आणायचं. ३. जुनी पत्रं चारचौघांना दिसतील अशी मांडायची. ४. शेजाऱ्यांना आत घ्यायचं. ५. शेवट नंतर ठरवू.’

ग्रंथपालांनी कागद ओढून घेतला. हा त्यांच्या कथेचा आराखडा होता. सुताराची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशातच राहिली होती.

"अगं, तू तरी अडवायचंस!" ते बायकोवर घसरले.

"का म्हणून? मला वाटलं, उशिरा का होईना, सुधारलात."

"भाऊजी," वहिनींनी दोरीवरचं पत्र हलवलं, "या बाई पंधरा दिवसांनी निवृत्त होणार की! पाठवलीत का गोष्ट?"

"लिहिलीच नाही. मला नाही जमायचं ते."

"ते तुमचं तुम्ही बघा," सुतार म्हणाला, "पण पाचव्या कामाचं काय? मी अर्धवट टाकून जात नाही."

"गोष्टीत शेवटी तो माणूस दार परत लावून घेतो," ग्रंथपाल पुटपुटले.

"मग काढायला कशाला लावलंत? सकाळपासून घाम गाळतोय मी!"

"आणि मी काय उगाच आत आले?" वहिनी म्हणाल्या.

तिघंही त्यांच्याकडे बघत राहिले. आड व्हायला दारही नव्हतं. नाइलाजाने ग्रंथपालांनी चाचरत पहिल्यापासून गोष्ट सांगायला घेतली. मध्येच सुतार खो खो हसला, आणि हसला तेही नेमकं हवं तिथेच! ग्रंथपालांचा आवाज जरा मोठा झाला.

सुताराने निखळलेलं दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं. "घ्या टेबल. शेवट झाला की सांगा, लावून देतो."

आठ दिवस दारावर लिहिणं चाललं. येणारा-जाणारा डोकावून विचारी, "कुठवर आलं?" नवव्या दिवशी पाकीट तयार झालं आणि ग्रंथपालांनी ते तीनदा उघडलं. चौथ्यांदा उघडायला गेले, तर खिळ्याला चिठ्ठी दिसली. अक्षर बायकोचं. ‘१. पाकीट चिकटवावं. २. पेटीत टाकावं. ३. त्याशिवाय दार मिळणार नाही.’

त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या.

पोस्टाच्या पेटीपाशी पेनासाठी खिसा चाचपताना ती जुनी चिठ्ठी हाती लागली: ‘दार तासून द्यावं.’ ग्रंथपालांनी त्यावर काट मारली, खाली ‘दाराची घाई नाही’ असं लिहिलं, आणि पाकीट पेटीत सोडलं.