टेबलाखालचं मांजर

"अहो, माझा चष्मा कुठंय?"

"कपाटावर," आबा म्हणाले.

"मी तर उशीशी ठेवला होता!"

"होता. पण धड्यात कपाटावर आहे."

रविवारी मुलगा आपल्या इटालियन बायकोला घेऊन पहिल्यांदाच घरी यायचा होता. आजवर फोनवर आबा बोलत, मुलगा भाषांतर करी आणि आबांचा विनोद सुनेपर्यंत पोचेस्तोवर पार शिळा होई. मुलगा मध्ये नसताना सुनेशी एक तरी वाक्य बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून मोबाइलवर इटालियनचा अभ्यास सुरू झाला, आणि 'वस्तू कुठे आहेत' या धड्यावर गाडी अडली.

आबांनी जन्मभर एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. कागदावर एक आणि फळीवर दुसरं, हे त्यांच्या राज्यात कधी चाललं नाही. मग सुनेशी पहिलंच बोलणं, आणि तेही खोटं? छे! वाक्य बदलण्याइतकं इटालियन येत नव्हतं, म्हणून त्यांनी घर बदललं.

चष्मा कपाटावर चढला, चपला पलंगाखाली गेल्या, छत्री दाराआड लपली. शुक्रवारी आबा आणि बायको भाजी आणायला निघाले, तिने दार ओढून घेतलं, आणि किल्ली धड्याप्रमाणे खणातच राहिली. कुलूपवाल्याला बोलवावं लागलं.

"किल्ली कुठंय, आजोबा?"

"ला क्यावे ए नेल कास्सेत्तो!" आबा उत्साहाने म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आत खणात," बायको कपाळावर हात मारून म्हणाली. तिचाही धडा आता पाठ झाला होता.

उरलं मांजर. ते टेबलाखाली हवं होतं. रविवारी सकाळी आबांनी ते शेजारणीकडून उसनं आणलं आणि पुढ्यात दुधाची बशी ठेवून त्याची मनधरणी केली. मांजर बसलं.

सून आली. उंच, लाजरी, प्रवासाने थकलेली. मुलगा सामान आणायला लगेच खाली गेला आणि आबांनी संधी साधली. चष्मा, चपला, छत्री, किल्ली... एकेक वाक्य म्हणत ते ती ती वस्तू दाखवत गेले. सून आधी गोंधळली, मग हसली, मग प्रत्येक वस्तूला टाळ्या वाजवू लागली. आबांना आभाळ ठेंगणं झालं.

"इल गात्तो ए सोत्तो इल ताव्होलो!" असं म्हणून त्यांनी ऐटीत टेबलावरची चादर उचलली.

खाली नुसती चाटूनपुसून लख्ख केलेली बशी होती.

आबांचा चेहरा पडला. मांजर पळालं, हे इटालियनमध्ये कसं म्हणायचं ते धड्यात नव्हतं. सगळ्या मालाची मोजदाद चोख आणि शेवटच्या नगाला घोळ! त्यांचे डोळे भरून आले. सुनेने ते पाहिलं. मग पर्स खाली ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत रांगत टेबलाखाली शिरली.

"इयो सोनो सोत्तो इल ताव्होलो," आतून आवाज आला.

आबा उडालेच. हे वाक्य धड्यात नव्हतं!

"काय म्हणतेय ती?" बायकोने विचारलं.

"म्हणतेय, 'मी टेबलाखाली आहे!'"

"अहो, ते मलाही दिसतंय."

"तुला दिसलं गं," आबा डोळे पुसत म्हणाले. "मला कळलं!"