हसुरामशेठ हळदीला येतात

हळदीच्या मांडवात हसुरामशेठ शिरले की यजमानाचा चेहरा उतरतो. बेलापूरपासून उरणपर्यंत कुठल्याही गावात हळद असो, शेठ हजर. आमंत्रण हवंच असं नाही. गळ्यात जाड साखळी, काखेत दानपेटी आणि दारातच पाहुण्यांची तपासणी. "डोले दाव," म्हणतात आणि अंगठ्याने समोरच्याची पापणी खाली ओढतात. एकदा पिऊन तर्र झालेला नवऱ्याचा मामा तावडीत सापडला. शेठनी निरखून पाहिलं आणि सोडून दिलं. "लाल असूं दे. पिवले नको."

मग ते डीजेवाल्याकडून माइक घेतात. 'स्वादुपिंड' त्यांच्या तोंडात बसत नाही, म्हणून 'पंक्रास' म्हणतात. पंक्रासचा कॅन्सर लवकर कळावा म्हणून एक संस्था लोकांच्या देणग्यांवर संशोधन करते, तिला मदत करा, एवढंच सांगायचं असतं. एकाने विचारलं होतं, पंक्रास हा कुठला नवा टॉवर, बुकिंग सुरू झालं का? शेठनी त्याच्यापुढे पेटी धरली आणि तिथेच बुकिंग करून घेतलं.

मी त्यांचा भाडेकरू. त्यामुळे तक्रारी माझ्याकडे येतात. चांगल्या कार्यात मरणाचं काय काढतात, शेठना आवरा म्हणून. डीजेवर आणि मटणावर हात सैल सोडणारी हीच मंडळी पेटीत चिल्लर टाकतात, तीही शेठ लवकर जावेत म्हणून.

काही वर्षांपूर्वी, ही पेटी येण्याआधी, त्यांच्या मुलाच्या हळदीला मी होतो. बायकांनी यमुनाकाकींना, म्हणजे शेठच्या बायकोला, पार माखून टाकलं होतं. लग्न झालं, पाहुणे गेले, तरी काकी पिवळ्याच. सासूबाईंची हळद उतरेना, म्हणून घरभर हसणं. सगळ्यांत जास्त चिडवायचे ते शेठच. काकींना जेवण जात नव्हतं, पाठ दुखत होती. ते लग्नाच्या दगदगीवर गेलं. शेवटी डॉक्टरने डोळे पाहिले, तेव्हा पंक्रासचा रोग यकृतापर्यंत पोचला होता. काकी फार दिवस राहिल्या नाहीत.

मागच्या महिन्यात संस्थेने देणगीदारांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. शेठ मलाही घेऊन गेले. एका तरुण संशोधक बाईंनी रक्ताच्या नळ्या दाखवल्या. नुसत्या रक्तावरून हा रोग आधीच ओळखता येईल का, ते त्या शोधत होत्या. अजून बरीच वर्षं लागतील, असंही त्यांनी सांगून टाकलं. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हलदीच्या दिवशीच दवाखान्यात नेली असती, तर वाचली असती का माझी बायको?"

बाईंनी हातमोजे काढले. काकींची पाठ कधीपासून दुखत होती, ते विचारलं. मग म्हणाल्या, "नाही काका. तेव्हाही उशीर झालाच होता."

शेठ हात जोडून बाहेर आले. आम्ही रिक्षात बसलो. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"पोरगी गुनाची हाय," शेठ म्हणाले. "माझ्यासाठी खोटा बोलली."