ठकूआत्याची अळंबी

एका जंगलात, मुलांनो, एकच अळंबी दोन नावांनी उगवत असे. टेकडीवर तिला छत्रौषधी म्हणत. ओढ्याकाठी तिला गुन्हा म्हणत.

पूर्वी असं नव्हतं. ओढ्याकाठच्या साळिंदरांत कुणाच्या घरी मयत झाली, की ठकूआत्या अळंबीचा एवढासा तुकडा द्यायची आणि पंजा धरून शेजारी बसायची. घरचे पोटभर रडायचे आणि जरा हलके व्हायचे.

मग महाराजांनी अळंबीवर बंदी घातली. बंदी सगळ्या जंगलाला होती. पण लांडगे शिपाई झडतीला ओढ्याकाठीच येत. टेकडी चढताना त्यांना दम लागे, बिचाऱ्यांना. एका झडतीत आत्याच्या लेकाकडे, गेनूकडे, एक अळंबी सापडली. त्याला गुहेत कोंडलं. तो अजून तिथेच आहे. साळिंदरं दिवसा झोपतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ठकूआत्याचा तेव्हापासून दिवसाही डोळा लागलेला नाही.

पुढे टेकडीवरच्या एका काळविटाला उदास वाटू लागलं. त्याने अळंबी खाल्ली, त्याला बरं वाटलं, आणि लगेच परिषद भरली. बंदी उठली, म्हणजे टेकडीवरची. मऊ गवताच्या गाद्यांचा दवाखाना निघाला. रोग्याचा पाय धरून शेजारी बसायची एक अगदी नवी पद्धतही तिथे शोधून काढण्यात आली.

पण साळिंदरं काही तिकडे फिरकेनात. त्यांच्या मनात काय आहे ते तपासायला चितळ डॉक्टरीण प्रश्नावली घेऊन ओढ्याकाठी उतरली. स्वभावाने फार चांगली होती. आली मात्र भर दुपारी. चाळीस बिळांत तिने हाका मारल्या आणि चाळीस बिळांतून घोरणं ऐकलं. तिने लिहिलं, 'उदासीनता तीव्र.'

एकेचाळिसाव्या बिळात ठकूआत्या जागी होती.

डॉक्टरिणीने विचारलं, औषधाची भीती वाटते का?

आत्या म्हणाली, "बाई, हे औषध मीच देत होते की. आता ते चालतंय, तर माझा गेनू कधी सुटणार, तेवढं सांगा."

डॉक्टरिणीने प्रश्नावली उलटसुलट करून पाहिली. तिच्यात गेनूला जागा नव्हती. तिला मनापासून वाईट वाटलं, म्हणून तिने आत्याला दवाखान्यात यायचा आग्रह केला.

"येते," आत्या म्हणाली. "एकदा मला रडू तरी येऊ दे."

डॉक्टरीण आनंदाने अर्ज भरू लागली. शेवटचा रकाना आला. घरात कुणावर अळंबीचा गुन्हा आहे काय? असल्यास उपचार मिळणार नाहीत.

डॉक्टरिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याने तिचा खूर आपल्या पंजात धरला आणि ती शांत होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

पुढच्या महिन्यात अहवाल निघाला. साळिंदरांचा या औषधावर विश्वास नाही, असं त्यात लिहिलं होतं. आत्या अजून जागीच आहे.

तात्पर्य : दुःख कुणालाही होऊ शकतं, मुलांनो. मात्र त्यावरचं औषध लागू पडायचं असेल, तर आधी टेकडीवर जन्म घ्यावा.