व्हर्जिलला कुणीच नाही

शनिवारी काउंटीची जत्रा, आणि गुरुवार उजाडला तरी ब्लूबेरी पाईच्या स्पर्धेला परीक्षक नव्हता! गेल्या वर्षीच्या परीक्षकाने पहिल्या बक्षिसाची निळी फीत आपल्याच चुलतबहिणीला दिली आणि दोन घराणी ईस्टरपर्यंत चर्चमध्ये एका बाकावर बसली नाहीत. म्हणून यंदा समितीच्या अध्यक्ष ग्लॅडिस टॉफ्टे यांनी नियमच केला: परीक्षक चौदा स्पर्धकांपैकी कुणाचाही नातेवाईक नको. मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यात असा माणूस शोधायचा म्हणजे तळ्यात कोरडा मासा शोधायचा!

"मी शोधते की," सोळा वर्षांची मारेन म्हणाली.

तिला उन्हाळ्यापुरतं वाचनालयात काम मिळालं होतं. तिथल्या जुन्या कार्डांवरची साऱ्या काउंटीची नाती तिने संगणकात भरली होती. एका नात्याची एक चिठ्ठी. ‘एल्मर – भाऊ – ओले’. मग ‘ओले – मुलगी – बर्निस’. चिठ्ठीला चिठ्ठी जोडत गेलं की एल्मर हा बर्निसचा काका, हे आपोआप कळणार. फक्त या चिठ्ठ्या तिने कोंबल्या होत्या पुस्तकं शोधायच्या यंत्रात.

"अगं, ते पुस्तकांतले शब्द शोधायला आहे," ग्रंथपाल मिस्टर स्कोगेन म्हणाले. "नात्यांच्या जाळ्याची सोय वेगळी असते."

"सापडल्याशी मतलब ना?"

"चुकलं, तर सगळं परत कार्डांच्या पेटीत. आणि तू सप्टेंबरपर्यंत पुस्तकांना लेबलं चिकटवत बसशील."

मारेनची बोटं थांबली नाहीत. काउंटीतल्या एकेका माणसाचं नाव तिने यंत्राला विचारलं. हा स्पर्धकाचा मामा, ती स्पर्धकाची भाची... संध्याकाळी एकच नाव उरलं. व्हर्जिल नायगार्ड! पार दुसऱ्या टोकाला तळ्याकाठी एकटा राहणारा, गावात क्वचितच दिसणारा म्हातारा.

"याचं जगात कुणीच नाही!" मारेनने आनंदाने आरोळी ठोकली.

"बिचारा," ग्लॅडिसबाई म्हणाल्या आणि लगेच फोनकडे धावल्या.

शनिवारी व्हर्जिल इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचा खायचा काटा खिशात घेऊन हजर. पहिल्या पाईपाशी बर्निस उभी होती.

"अय्या, व्हर्जिलकाका! तुम्ही?"

ग्लॅडिसबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. दुसऱ्या पाईपाशी "मामा!" तिसऱ्यापाशी "काय रे व्हर्जिल, आत्याला ओळख द्यायची पद्धत आहे की नाही?" तेराव्या पाईपर्यंत नुसतं गळाभेटींचं संमेलन! चौदावी पाई तेवढी मिस्टर स्कोगेन यांची. ते सहा वर्षांपूर्वी ओरेगनहून आलेले, म्हणजे सगळ्यांनाच परके.

"अहो, तुम्ही बोलला का नाहीत?" ग्लॅडिसबाई किंचाळल्या.

"तुम्हीच फोनवर म्हणालात, मशीनने सांगितलंय," व्हर्जिल शांतपणे म्हणाला. "मशीनशी कोण वाद घालणार? आणि चौदा पाई होत्या!"

मारेन वाचनालयाकडे पळत सुटली. यंत्र उघडलं आणि तिने कपाळावर हात मारला. पुस्तक शोधणाऱ्याला दहा नावं दाखवली की पुरतात, म्हणून ते यंत्र पहिली दहाच उत्तरं देतं! व्हर्जिलच्या चिठ्ठ्या होत्या त्रेसष्ट. त्यातले पहिले दहा नेमके बिनलग्नाचे काका आणि निपुत्रिक आत्या. धागा तिथेच तुटला. ज्याला काउंटीत सगळ्यात जास्त नातेवाईक, तोच अनाथ ठरला होता!

ती परतली तेव्हा सगळा मंडप व्हर्जिलभोवती जमला होता. व्हर्जिल काटा पुसत होता.

"तेरा घरची आणि एक परका," तो म्हणाला. "घरच्यांपैकी एकाला फीत दिली, तर बाकीचे बारा मला नाताळला दारात उभं करणार नाहीत. शिवाय परक्याचं सारण खरंच झकास आहे."

निळी फीत मिस्टर स्कोगेन यांना! आणि कुणीच भांडलं नाही. भांडणार कशावर? परक्याला दिली म्हणजे न्यायच झाला! ग्लॅडिसबाईंनी तर मारेनला दोन्ही गालांवर पापे दिले.

सोमवारी मिस्टर स्कोगेन शर्टावर फीत लावूनच कामावर आले. "पेटी राहू दे माळ्यावर," ते म्हणाले. "पण आधी तो दहाचा आकडा वाढव."

मारेनने दहाचे हजार केले आणि हौसेने व्हर्जिलचं नाव टाकलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट चिठ्ठ्या धडाधड उतरल्या. अडतिसावी दोघांनी एकदमच वाचली: ‘व्हर्जिल नायगार्ड – मावसभाऊ – इव्हर स्कोगेन, लहानपणी ओरेगनला गेला’.

"इव्हर म्हणजे..."

"माझे वडील," मिस्टर स्कोगेन हळूच म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग फितीवर अलगद हात ठेवला.

"मारेन, दहाच ठेव गं. दहा पुरतात."