कुरडयांच्या शेजारचं स्टूल

सातव्या दिवशी साकेतने पट्टी यंत्रात धरली आणि वजन चढवत नेलं. अठ्ठावन्न किलोला ती तुटली. कोरडी पट्टी तुटली होती साठाला! म्हणजे आठवडाभर गरम पाण्यात बुडूनही तिने गमावले अवघे दोन किलो. काथ्या आणि काजूच्या टरफलाच्या तेलाचा डिंक, एवढ्यावर बनलेली ती पट्टी. पाण्याने काथ्या फुगतो, उष्णतेने डिंक ढिला पडतो, निम्मी ताकद जाते, असं पुस्तकांचं म्हणणं.

"सर, पुस्तकं हरली!" साकेत कोलशेतच्या शेडमध्ये नाचायचाच बाकी राहिला.

मालक महिपतराव, वजन ब्याण्णव, उत्साह त्याहून जास्त. "मग उद्या सुमेधा मॅडमकडच्या स्टुलावर मीच बसतो! ऑर्डर गेली तर शेडला कुलूप रे."

सुमेधा मॅडम घोडबंदर रोडला वयस्कर माणसांसाठी न्हाणीघराचं सामान विकत. त्यांच्या दुकानात याच मालाचं एक स्टूल आठवडाभर गरम पाण्याच्या टबात मुरत होतं. शेडमधला हीटर जळाल्यामुळे साकेतच्या पट्ट्या मात्र वर्तकनगरला, घरच्या मोठ्या पातेल्यात भिजल्या होत्या.

सकाळी डबा भरताना आई, मंदाकिनीबाई, कुरकुरल्या. "यंदा कुरडयांना काजूचा वास लागलाय. तुझ्या पट्ट्यांपायी."

"पट्ट्या पाण्यात होत्या ना?"

"रात्री होत्या. दिवसा चीक शिजवायला पातेलं नको मला? तू गेलास की पुसून गॅलरीत कुरडयांच्या शेजारी टाकायचे. तू यायच्या आत परत गरम पाण्यात. कळलं का तुला? नाही ना!"

"आई! मी काय सांगितलेलं?"

"पाण्यात ठेव म्हणालेलास. ठेवलेल्या की. रोज."

साकेतने फोन लावला. "सर, बसू नका!"

"बसलो की!" महिपतरावांचा आवाज आनंदी होता. मागून सुमेधा मॅडम ओरडल्या, "अहो, तुम्ही खाली चाललाय!"

ट्रॅफिकमधून साकेतची रिक्षा दुकानात पोचेपर्यंत महिपतराव फरशीला लागले होते. काही मोडलं नव्हतं. स्टुलाचे चारही पाय थकलेल्या बैलासारखे फाकले होते आणि मालक मधोमध मांडी घालून.

साकेतने सगळं कबूल केलं. पातेलं, चीक, गॅलरी. ऑर्डर गेली असं धरून तो दाराकडे वळलासुद्धा.

"थांबा," सुमेधा मॅडम म्हणाल्या. "म्हणजे रोज भिजवलं, रोज वाळवलं, तर अठ्ठावन्न?"

"हो, पण ती चाचणी चुकीची..."

"चुकीची कशी? अंघोळ करून स्टूल उभं करतात, वाळतं. आठवडाभर टबात कोण बसतं? हे तुमचे सर सोडून!"

महिपतराव खालूनच गरजले, "साकेत, अस्सल चाचणी आईंनीच केली रे!"

"आता पट्ट्या नकोत, दहा अख्खी स्टुलं घ्या," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर तस्संच, तुमच्या आईंच्याच हातून. टिकली की ऑर्डर तुमची."

साकेतने तिथूनच घरी फोन लावला. दहा स्टुलांचं सांगितलं. पलीकडून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "दहा? गॅलरीत जागा नाही. आधी माझे पापड वाळू देत, मग स्टुलं. सांग तुझ्या मॅडमना."