नमुन्यादाखल एक बाही

खरेदी करावी तर मीच! हे मी म्हणत नाही, आमचं अख्खं ऑफिस म्हणतं. (निदान मी समोर असताना तरी म्हणतं.) मी खरेदी विभागात आहे. टाचणीपासून जनरेटरपर्यंत जे काही ऑफिसात येतं ते माझ्या सहीनं येतं, आणि एवढ्या वर्षांत एकाही विक्रेत्याला मला टोपी घालता आलेली नाही. कारण माझा एक नियम आहे. विकणाऱ्यासमोर आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं मरेपर्यंत दाखवायचं नाही! जनरेटरवाल्यानं विचारलं, "साहेब, असं हवं की तसं?" की आपण शांतपणे म्हणायचं, "अर्थात तसं." समोरचा लगेच दबतो. पुढे जनरेटर चालतो की नाही, हा देखभाल विभागाचा प्रश्न.

तर अशा माणसाला बायकोनं काय आणायला सांगावं? लोकरीचा एक गुंडा!

"एकच आणा. पण रंग हाच हवा हं," असं म्हणून तिनं माझ्या तळहातावर बोटभर धागा ठेवला. वांगी रंगाचा. "तुम्हाला काही कळलं नाही तर मालकीणबाईंना विचारा. त्या सगळं सांगतात."

मला कळलं नाही तर! मी हसून सोडून दिलं.

आता या लोकरीमागची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या सासूबाई म्हणजे विणकामातलं मोठं प्रकरण. घरातला प्रत्येक गळा, प्रत्येक कान त्यांनी लोकरीनं झाकलेला आहे. पण गेल्या काही दिवसांपासून त्यांचे हात थरथरायला लागले. तरी हट्टानं लेकीसाठी एक स्वेटर घेतला विणायला. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली. दुसरी बाही मनगटापासून सुरू करून कोपरापर्यंत आणली आणि एक दिवस सुया खाली ठेवून म्हणाल्या, "आता नाही गं होत माझ्याच्यानं." त्यानंतर त्यांनी सुईला हात लावला नाही.

बायकोनं बाकीचा स्वेटर शिवून टाकला आणि उरलेली बाही स्वतः पुरी करायची ठरवली. टाके सुटू नयेत म्हणून ती अर्धी बाही एका मोठ्या सेफ्टी पिनेत अडकवून ठेवलेली. खरं सांगायचं तर ती बाही काही बघण्यासारखी नव्हती. कुठे आवळलेली, कुठे ढगळ, मध्येच एखादी ओळ दारू प्यायल्यासारखी तिरकी गेलेली. पण बायको संध्याकाळी ती मांडीवर घेऊन नुसती बोटं फिरवत बसायची. "आईच्या हातचं हे शेवटचं," म्हणायची. "यातला एक टाकाही हलता कामा नये."

हे सगळं मला माहीत होतं, मंडळी. तेच तर वाईट आहे.

ज्या दिवशी बायको सासूबाईंना चार दिवस राहायला आणायला गेली, त्या दिवशी मी सुट्टी टाकून मोहिमेवर निघालो. दारातच विचार आला, बोटभर धाग्यावरून रंग ठरवतात होय? आम्ही ऑफिसात खुर्चीचं कापड मागवतो तेव्हा अख्खी खुर्ची समोर ठेवतो! तेव्हा मी परत आत गेलो, बायकोच्या विणकामाच्या पिशवीतून ती अर्धी बाही काढली, खिशात कोंबली आणि निघालो. नमुना असावा तर असा!

दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. दुकान कसलं, कुणाचं तरी जुनं राहतं घरच ते! दाराला घंटी, दारात पायपुसणं. दिवाणखान्यात बाळांच्या टोपड्यांची मऊ लोकर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीनं बरण्या आणि बरण्यांत बटणं. ताटाळ्यात ताटांच्या जागी सुया उभ्या केलेल्या. झोपायच्या खोलीत पलंगावर जाड लोकरीचे गुंडे उशांना टेकून आरामात पडलेले. आणि न्हाणीघराच्या दारावर पाटी – 'आत लोकर अंघोळ करते आहे. टकटक करावी.' मला ती पाटी फार आवडली. तिचा अर्थ काय, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण विचारणार कसं? नियम!

चष्मा कपाळावर चढवलेल्या मालकीणबाई पुढे आल्या. मी खिशातून बाही काढून रुबाबात त्यांच्यासमोर ठेवली.

"अच्छा, ही का?" त्यांनी बाही उलटसुलट केली. "पूर्ण, की थोडी ठेवायची?"

काय पूर्ण, काय थोडी, मला ओ की ठो कळलं नाही. पण मी म्हणालो, "पूर्ण! अर्धवट काम मला चालत नाही."

"धुऊन हवी?"

"अर्थात धुऊन."

"वाफ?"

"वाफ तर पाहिजेच!"

"मग गुंडा करून देऊ ना?"

गुंडा! ओळखीचा शब्द आला. मी टेबलावर थाप मारली. "गुंडाच! एकच. आणि रंग हाच!"

"रंग हाच राहणार की," त्या जरा गोंधळून म्हणाल्या. मग बाहीवरून हात फिरवत त्यांनी आवाज खाली आणला. "कुणाच्या हातचं आहे हो? घरी विचारलंय ना सगळ्यांना?"

"बाई, मी खरेदीचे निर्णय घरी विचारून घेत नाही."

"नाही, काही लोकांना फार लागतं मनाला. इथे येऊन रडतात."

मला वाटलं, दर ऐकून रडत असतील. मी छाती पुढे काढली. "मी रडणाऱ्यांतला नाही. तुम्ही बिनधास्त सुरू करा!"

त्यांनी बाही एका टोपलीत घातली. जिन्याच्या कठड्यावरून एक दोरी लोंबत होती, तिला टोपली बांधली आणि वर हाक दिली, "अहो, घ्या वर!" टोपली डुलत डुलत वर गेली. मी कौतुकानं बघत राहिलो. रंग जुळवायला एवढी व्यवस्था! वा!

"वेळ लागेल थोडा. चहा घ्या तोवर," मालकीणबाई म्हणाल्या.

जेवणाच्या मोठ्या टेबलाशी दोघीजणी विणत बसल्या होत्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ कण्याच्या. दुसरी रात्रपाळी करून आलेली नर्स. मी चहा घेता घेता दोघींना खरेदीचं शास्त्र समजावून सांगितलं. समोरच्याला प्रश्न विचारला की आपण संपलो, हे उदाहरणांसकट पटवून दिलं. नर्स जांभया देत होती, पण त्या रात्रपाळीच्या असाव्यात. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "आमच्या वर्गात जी मुलं शंका विचारत नसत, ती सगळी नापास होत." मी मोठ्या मनानं हसलो.

चहा संपला तरी वरून काही येईना. म्हणून मी स्वतःच जिना चढून गेलो. वरच्या खोलीत खिडकीशी मालकीणबाईंचे यजमान एका चाकाचं हँडल गरगर फिरवत बसले होते आणि चाकावर लोकर गुंडाळली जात होती. सुरेख वांगी रंगाची!

"वा! अगदी आमच्यासारखीच!" मी ओरडलो. "जुळली म्हणायची!"

"जुळणारच," ते म्हणाले. जरा बारकाईनं माझ्याकडे बघितलं त्यांनी. "फिरवून बघायचंय?"

आता असं हँडल समोर असताना कोण नाही म्हणेल? मी खुर्चीवर बसलो आणि फिरवायला लागलो. काय मजा येते सांगू! धागा कुठून तरी खालून टुकटुक उड्या मारत येतो आणि गुंडा डोळ्यांदेखत फुगतो. मी वेग वाढवला. शीळही घातली. "हळू, हळू," यजमान म्हणत होते. "संपत आली आता."

काय संपत आलं म्हणून मी खाली वाकून बघितलं.

टोपलीत एक मनगट होतं. नुसतं मनगट! त्याच्या कडेवरून टाके एकामागून एक टुकटुक उडत माझ्याकडे येत होते. शेजारी बशीत ती मोठी सेफ्टी पिन पडलेली.

माझी शीळ दातांतच विरली. "हे... हे काय करताय तुम्ही?"

"मी कुठे? तुम्हीच करताय," यजमान म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. या दुकानाचा अर्धा धंदाच तो! लोक घरातली जुनी विणलेली वस्त्रं आणतात, हे लोक ती उसवतात, लोकर न्हाणीघरात धुतात, वाफेनं सरळ करतात आणि नवा गुंडा करून परत देतात. इथे कुणी विणलेली वस्तू टेबलावर ठेवली की ती उसवायलाच आणलेली असते, हे लहान मूलही जाणतं. नमुना म्हणून लोक बोटभर धागा आणतात!

मी जिन्यावरून खाली आलो तो मनगट एका हातात आणि गुंडा दुसऱ्या हातात घेऊन. आणि मालकीणबाईंसमोर उभा राहून, खोटं कशाला सांगू, रडलो. थरथरते हात, शेवटची बाही, बायकोचं मांडीवर घेऊन बसणं, सगळं सांगून टाकलं.

"अहो, मग विचारायचं नाही का!" मालकीणबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. "मी तर तुम्हाला घरच्यांचंही विचारलं!"

"रडणं पुरे," मुख्याध्यापिकांनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. "आणा इकडे. मी पुन्हा विणून देते. कोपरापर्यंतच ना?"

माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी मनगटाचे टाके सुईवर उचलले आणि त्यांची सुई शिवणयंत्रासारखी चालायला लागली. मी बघत होतो आणि माझं पुन्हा धाबं दणाणलं. एकसारखे, घोटीव, सैनिकांसारखे ओळीत उभे टाके!

"बाई, जरा... वाईट विणता का?"

"काय?"

"म्हणजे कुठे आवळून, कुठे ढगळ. हात थरथरत असल्यासारखं."

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप सरळ उभा राहिलो. "मी जन्मात वाकडा टाका घातलेला नाही."

"द्या, मी बघते," नर्स म्हणाली. तिनं एक ओळ डोळे मिटून विणली. सरळ आली. डाव्या हातानं विणली. तीही सरळच! शेवटी ती म्हणाली, "तुम्ही माझं कोपर हलवा." मी कोपर हलवलं. यजमानांनी टेबल हलवलं. मालकीणबाईंनी ऐन टाक्याला "अगं बाई, उंदीर!" म्हणून किंचाळून बघितलं. त्यानं एक टाका गळला आणि कप फुटला. पण बाही काही सासूबाईंची होईना. आम्ही धसमुसळेपणानं बिघडवलेलं ते विणकाम नुसतंच बिघडलेलं दिसत होतं. सासूबाईंचं तसं नव्हतं हो. त्यांच्या प्रत्येक वाकड्या ओळीनंतर पुढची ओळ सरळ व्हायला धडपडलेली असायची. हे मला ती उसवल्यावर आठवावं, यासारखं दुर्दैव नाही.

शेवटी मुख्याध्यापिकांनी ते सगळं उसवून पुन्हा सरळ विणलं. संध्याकाळी मी ती देखणी बाही घेऊन घरी आलो.

पिशवी पलंगावर उपडी पडली होती. बायको कपाटाखाली वाकून शोधत होती. सासूबाई खुर्चीत बसून म्हणत होत्या, "सापडेल गं. बाही काय पायांनी चालत जाते?"

मी मुकाट्यानं बाही पुढे केली. बायकोनं ती हातात घेतली, एकदा अंगठा फिरवला आणि मटकन खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं, हँडलसकट. ती ऐकत राहिली आणि मनगटापाशी राहिलेल्या त्या चार मूळच्या ओळी बोटानं चाचपत राहिली.

"आणि लोकर?" तिनं विचारलं. "एक गुंडा आणायला गेला होतात ना तुम्ही?"

लोकर! तोंडात मारल्यासारखा मी उभा राहिलो. ती आणायची राहिलीच होती.

"बघू मला," सासूबाईंनी हात पुढे केला. थरथरत्या बोटांनी त्यांनी बाही उजेडात धरली, नाकाशी नेली, ताणून बघितली. मी वाकून त्यांचे पाय धरले. "सासूबाई, माझं फार चुकलं."

"चुकलं कसलं, जावईबापू?" त्यांचा चेहरा उजळला होता. "किती सुरेख विणलीय! अहो, मला लाजच वाटत होती त्या बाहीची. हिनं ती घालून चार लोकांत जायचं म्हणजे! मीच उसवणार होते, पण ही हात लावू देईल तर ना." मग माझ्या कानाशी वाकून, पण खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती दुसरी बाही आहे ना शिवलेली, तीही तितकीच वाकडी आहे. उद्या तीपण नेऊन द्या हो त्या बाईंकडे."

बायको उठली. कपाटातून तिनं तो एका बाहीचा स्वेटर काढला, अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. जेवतानाही तिनं तो काढला नाही. झोपतानाही नाही.

आज तिसरा दिवस. ऐन उन्हाळा आहे, घामानं ती निथळते आहे, आणि पंखा लावू का, एवढं विचारायची माझी छाती होत नाही.